उतरण्याची सोय आणि खर्चाचा मेळ

(अमृतमहोत्सवी स्नेहसंमेलनाच्या पूर्वतयारीसाठी इंदूर येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या सभेत व्यवस्था समितीच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त दोन दिवसांचे कौटुंबिक संमेलन भरवावयाचे ठरले आहे. व्याख्यान कोणाचे ठेवावे, सत्कार कोणाकोणाचे करावेत, मुलांच्या स्पर्धा कोणत्या घ्याव्यात, याची चर्चा आपण मोठ्या हौसेने केली. पण बाहेरगावची मंडळी उतरणार कोठे, हा प्रश्न निघाला की सभेत हटकून दोन तट पडतात. आज त्याच प्रश्नाबद्दल चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे.

पहिला पक्ष काटकसरीचा. तो म्हणतो, संस्थेचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा. कोणी तो पेन्शनीतून दिला, कोणी पहिल्या पगारातून, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ. तो मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी आणि आजाऱ्यांच्या औषधपाण्यासाठी आहे, पाहुण्यांच्या गाद्यागिरद्यांसाठी नाही. दोन रात्रींचा तर प्रश्न. सतरंजीवर पडून राहू. हा पक्ष खोटा नाही. दुसरा पक्ष सोयीचा. तो म्हणतो, हा योग पुन्हा येणार नाही. पाहुण्यांत वय झालेली माणसे पुष्कळ. त्यांना नीट झोप आणि आंघोळीला ऊन पाणी मिळाले नाही, तर हारतुऱ्यांचे मोल ते काय? हाही पक्ष खोटा नाही. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की निर्णय बहुधा मोठ्या आवाजावर होतो, नाहीतर सर्वांत कमी आकड्याचे दरपत्रक वर ठेवून पाच मिनिटांत उरकला जातो.

आम्हाला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे, की जागेची खरी किंमत भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते. त्या जागेमुळे कोणाला येता आले नाही, यात ती असते. हीच गोष्ट आता जरा उलगडून सांगतो.

पाहुण्याला उतरावयास जागा देणे हे या माळव्यात नवीन नाही. होळकरांच्या या नगरीत बसून तरी ते विसरता येणार नाही. अहिल्याबाईंनी (१७२५–१७९५) महेश्वरी राहून काशी-गयेपासून सोमनाथापर्यंत जी कामे केली, त्यांत देवळांच्या बरोबरीने घाट होते, विहिरी होत्या, धर्मशाळा होत्या, अन्नछत्रे होती. प्रवाशाला छप्पर दिले पण पाणी दिले नाही, तर ती सोय अर्धीच, हे त्या काळच्या राज्यकर्त्या बाईंना पुरते कळत होते. पुढे आपल्या इंदुरातच १९१७, १९३५ आणि २००१ साली मराठी साहित्य संमेलने भरली. अशा मेळाव्यांना येणारी मंडळी पूर्वी बव्हंशी घरोघर उतरत असत. वाडे मोठे होते, ओसऱ्या होत्या, आणि पाहुण्याबरोबर त्याची वळकटी येत असे. आज आपण दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत राहतो. पाहुणा एखादा असला तर घरात मावतो, दीडशे मावत नाहीत. म्हणून जी सोय पूर्वी आपुलकीवर होत असे ती आता विकत घ्यावी लागते, आणि विकत घ्यावयाची म्हणजे हिशेब आलाच.

मात्र हिशेबाला बसण्यापूर्वी एक हकीकत ऐकावी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी भरलेल्या मेळाव्यास आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. उतरण्याची जागा फार स्वस्त मिळाली, याचे तेथे मोठे कौतुक चालले होते. इमारत वाईट नव्हती, पण संडास मागील अंगणाच्या टोकाला, आणि मध्ये दिवा नाही. पहिल्या रात्री आमच्या ध्यानात आले की पंगतीत बसलेल्या वयस्कर बायकांनी पाण्याच्या पेल्याला हात लावला नव्हता. विचारले तेव्हा एक आजी हसून म्हणाल्या, "आता पाणी प्यायले की रात्री उठावे लागेल, बाबा." त्या मेळाव्याच्या जमाखर्चात बचत दिसली असेल, त्या आजींची तहान कोणत्या खात्यावर पडली, ते काही दिसले नसेल. त्या पुढल्या खेपेला आल्या नाहीत. त्यांनी तक्रारही केली नाही. आपली माणसे तक्रार करीत नाहीत, नुसती यायची थांबतात.

यास्तव आमची पहिली सूचना अशी की आधी भाव विचारू नये, आधी यादी करावी. येणारे किती, त्यांत सत्तरीच्या पुढचे किती, जिना न चढवणारे किती, कडेवरची मुले किती, एकट्या येणाऱ्या भगिनी किती, पथ्याचे वा इन्सुलिनचे किती. संमेलनाच्या निमंत्रणाबरोबरच हे विचारणारा एक छोटा कागद जावा. ही यादी हाती असली म्हणजे जागा पाहावयास जाणाऱ्याला आपण कोणासाठी पाहतो आहोत हे कळते. एरवी आपण सारे जागा पाहतो ती आपल्या स्वतःच्या गुडघ्यांनी, आणि जागा पाहावयास जाणाऱ्यांचे गुडघे सहसा बरे असतात.

दुसरी सूचना. प्रत्येक जागेत उणिवा असतातच, पण त्या दोन जातींच्या असतात. काही उणिवा हातांनी भरून काढता येतात आणि काही येत नाहीत. धूळ आहे, जळमटे आहेत, दिवे कमी आहेत, अंथरुणे नाहीत, पाट्या नाहीत, या पहिल्या जातीच्या. दहा स्वयंसेवक आदल्या दिवशी कंबर कसून उभे राहिले तर सायंकाळपर्यंत त्या उरत नाहीत. शेगावच्या श्रीगजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. येथून जवळ ओंकारेश्वरीही संस्थानाचे भक्तनिवास आहे. भाडे माफक आणि तरी स्वच्छता वाखाणण्याजोगी, हा मेळ तेथे बसतो, कारण तेथे सेवेकऱ्यांचे हात आहेत. स्वच्छता ही केवळ पैशाने येत नाही, हा धडा तेथे घ्यावा. पण संडासांची संख्या, पाण्याचा पुरवठा, जिने, आणि सभामंडपापासूनचे अंतर या दुसऱ्या जातीच्या उणिवा. त्या झाडूने जात नाहीत. स्वस्त जागा पहिल्या जातीची उणी असेल तर ती आनंदाने घ्यावी. दुसऱ्या जातीची उणी असेल तर फुकट मिळाली तरी नमस्कार करून परत फिरावे.

दुसऱ्या जातीच्या उणिवा डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, त्या आकडेमोडीने दिसतात. समजा, १५० माणसे उतरली आणि संडास १० आहेत. माणशी दहा मिनिटे धरली तर सर्वांचे आटोपण्यास १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास लागले. साडेआठला अल्पोपाहार असेल तर पहिल्या माणसाने पहाटे सहाला रांगेत उभे राहिले पाहिजे. संडास २० असतील तर हेच काम सव्वा तासात होते. तसेच पाण्याचे. आंघोळ, संडास आणि हातपाय धुणे मिळून माणशी साठ लिटर धरले तर दिवसाला ९,००० लिटर पाणी हवे. गच्चीवरची टाकी केवढी आहे आणि ती किती वेळा भरते, हे विचारल्याशिवाय विसार देऊ नये. ऊन पाण्याचे म्हणाल तर पंचवीस लिटरचा गिझर एकदा तापण्यास साधारण अर्धा तास घेतो, आणि थंडीत त्यात दोन माणसांची बादली होते. दारात तीन पायऱ्या असल्या तर त्यांची उंची दीड फूट. चाकाच्या खुर्चीसाठी फुटाला बारा फूट या प्रमाणाने १८ फूट लांब उतार लागतो. तेवढी जागा दारापुढे नसेल, तर "फळी टाकू" हे आश्वासन व्यर्थ आहे.

आता पैशाकडे वळू. आपल्याकडे म्हण आहे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. स्वस्त जागेचे पुष्कळदा असेच होते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावेत. समजा, आपल्या सभागृहापासून सहा किलोमीटरवर एक धर्मशाळा दिवसाला ३०,००० रुपयांस मिळते. दोन दिवसांचे ६०,०००, म्हणजे १५० माणसांत माणशी ४०० रुपये. सभेत हाच आकडा सांगितला जातो आणि टाळ्या पडतात. पण टेंटवाल्याकडून गाद्या, उशा व रजया आणाव्या लागल्या त्याचे १५,०००. सभागृहापर्यंत नेण्या-आणण्यास तीन बसगाड्या, दिवसाला प्रत्येकी ८,००० प्रमाणे दोन दिवसांचे ४८,०००. पाण्याचे चार टँकर ६,०००. जनरेटर डिझेलसह १५,०००. सफाईची जादा माणसे ६,०००. बेरीज दीड लाख, म्हणजे माणशी १,००० रुपये. कोंबडी चारशेची, मसाला सहाशेचा.

याच्या शेजारी दुसरी जागा ठेवू. साधीच, पण एका आवारात खोल्या, दालन आणि स्वयंपाकघर असलेली. तीन माणसांची खोली, बिछान्यासह आणि करासह दिवसाला १,८०० रुपये. पन्नास खोल्या, दोन रात्री, १,८०,००० रुपये, माणशी १,२००. वरवर पाहता दोन जागांत ८०० रुपयांचा फरक होता, तो हिशेबाअंती २०० वर आला. एकंदर ३०,००० रुपये. मग विचारावयाचा प्रश्न असा, की बसगाड्यांत जाणारे रोजचे दोन तास वाचविणे, दुपारी तासभर आडवे होण्याची म्हाताऱ्या माणसांची सोय, आणि रात्री दिव्याच्या उजेडात दहा पावलांवर संडास, हे सारे माणशी २०० रुपयांना महाग आहे काय? आमच्या मते नाही.

पण म्हणून सोयीच्या पक्षाने विजयाची पताका लावू नये. तिसरी जागा मोठ्या हॉटेलाची. दोघांची खोली ४,०००, कर वेगळा. ७५ खोल्या, दोन रात्री, सहा लाख. त्यावर पाच टक्के कर तीस हजार. माणशी ४,२०० झाले. दुसऱ्या जागेपेक्षा हे माणशी ३,००० अधिक. या तीन हजारांत काय मिळाले? पाणी दुसऱ्या जागीही होते, संडास होता, उजेड होता. मिळाला तो गालिचा, वातानुकूलन आणि न्याहारीला पंधरा पदार्थ. आणि गेले काय? चौघांच्या कुटुंबाला १६,८०० रुपये भरणे जमत नाही, तेव्हा ते कुटुंब "त्या दिवशी घरात कार्य आहे" असे कळवून घरी बसते. पहिल्या जागेने आजींना गाळले, तिसरीने हातावर पोट असलेल्या कुटुंबाला गाळले. गाळणी वेगवेगळी, पण गाळले आपल्याच माणसांना. यातली कोणतीही जागा आपल्याला स्वस्त पडली असे म्हणता येणार नाही.

कराचा उल्लेख आला म्हणून खजिनदारांसाठी एक टीप. हॉटेलातील हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली माफी १८ जुलै २०२२ पासून गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. पूर्वी तो बारा टक्के होता. धार्मिक स्थळाच्या आवारात नोंदणीकृत धर्मादाय न्यासाने चालविलेल्या, दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांना मात्र तो लागत नाही. दरपत्रक घेताना "करासह की करावेगळे" हे लेखी घ्यावे, नाहीतर शेवटच्या दिवशी देयक पाहून तोंडचे पाणी पळते.

आता आमची तिसरी सूचना, आणि तीच आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. जागा एकच असावी, शुल्क एकच असावे आणि खोली पैशावर न मिळता गरजेवर मिळावी. तळमजल्याच्या खोल्या, संडासाजवळच्या खोल्या, या वय आणि प्रकृती पाहून द्याव्यात. ज्याने लाखाची देणगी दिली तो तरुण असेल तर तिसऱ्या मजल्यावर जाईल, आणि ज्याने अकरा रुपये दिले त्या आजोबांना तळमजला मिळेल. आपले देणगीदार याचे वाईट वाटून घेतील असे आम्हाला वाटत नाही. अधिक देण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी एक सोय-निधी ठेवावा आणि ज्यांना शुल्क जड आहे त्यांचे शुल्क त्यातून भरावे. कोणाचे भरले हे खजिनदार आणि आणखी एक वडीलधारे यांच्याखेरीज कोणास कळू नये. छातीवरच्या बिल्ल्यावर नाही, पावतीच्या रंगावर नाही, स्मरणिकेत तर मुळीच नाही. शिष्यवृत्तीच्या आणि औषधोपचाराच्या निधीला मात्र या संमेलनासाठी हात लागता कामा नये. तेथे काटकसरीच्या पक्षाचे म्हणणे आम्हाला शब्दशः मान्य आहे.

मग वरचे ३०,००० कोठून आणावयाचे? अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण अंथरूण कोठे वाया जाते तेही पाहावे. मांडवाची आरास, कमानी, चौकाचौकांतले फलक, वीस सत्कारांच्या शाली आणि स्मृतिचिन्हे, पंगतीतली तिसरी मिठाई यांच्याकडे आधी पाहावे. सत्कारमूर्तींना एक फूल आणि दोन मनापासूनचे शब्द पुरतात. सकाळी पोहे-जिलबी असली म्हणजे इंदूरकर पाहुणचारात उणे पडले असे कोणी म्हणत नाही.

तिथीचाही भाड्याशी फार जवळचा संबंध आहे. लग्नसराईत कार्यालये आणि बगीचे यांचे दर चढलेले असतात. इकडे हिंदी भाषी समाज ज्याला खरमास म्हणतो, म्हणजे सूर्य धनु राशीत असतो तो डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा महिना, त्यात लग्ने होत नाहीत. त्या दिवसांत इंदुरातली कार्यालये मोकळी असतात आणि मालक भाव उतरविण्यास राजी असतात. थंडी असते, म्हणून रजया व ऊन पाणी यांची तजवीज आधी हवी. उज्जैन सुमारे ५५ किलोमीटरवर, ओंकारेश्वर ८० च्या आतबाहेर, महेश्वर त्याहून थोडे पुढे. तेथे संमेलन भरवून देवदर्शनही साधावे, अशी सूचना काहींनी केली आहे. सूचना गोड आहे. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून उज्जैनला वर्षअखेरीस अलोट गर्दी असते, आणि नेमक्या आपल्याला सोयीच्या दिवसांत तेथील दर चढतात. २०२८ च्या सिंहस्थाच्या काळात तर ते नावच काढू नये. ओंकारेश्वरी पायऱ्या आणि पूल चुकत नाहीत. म्हणून मुक्काम इंदुरी ठेवावा आणि ज्यांना दर्शन घ्यावयाचे त्यांची सहल तिसऱ्या दिवशी, ऐच्छिक आणि स्वतंत्र खर्चाने न्यावी.

शेवटी जागा पाहण्याची रीत. पाहावयास दोघांनी जावे, आणि त्यांतील एक साठीच्या पुढच्या भगिनी असाव्यात. दुपारी चहाच्या वेळी जाऊ नये. तेव्हा सर्वच जागा चांगल्या दिसतात. पहाटे सहाला जावे, वरच्या मजल्यावरचा नळ सोडून पाहावा, रात्री दिवे मालवून जिना उतरून पाहावा. शक्य तर एक रात्र तेथे झोपावे. व्यवस्थापकाला विचारावेच, पण पहारेकऱ्यालाही विचारावे. पाणी किती वाजता जाते हे त्याला अधिक ठाऊक असते. आग लागल्यास बाहेर पडण्याची दुसरी वाट, जवळचे रुग्णालय आणि स्वयंपाकघराची मोरी आपल्या डोळ्यांनी पाहावी. मग करार लेखी करावा. खोल्यांचे क्रमांक, ताबा देण्या-घेण्याचे तास, अनामत, वीस माणसे कमी आली तर काय, डिझेल कोणाचे, हे सारे कागदावर असावे. आपल्या माणसांत शब्द पुरे, पण भाड्याच्या जागेत कागद बरा.

आमचे म्हणणे आपल्यापुढे ठरावाच्या रूपाने ठेवतो. एक, यादी झाल्याशिवाय दरपत्रके मागवू नयेत. दोन, पाणी, संडास, जिना आणि अंतर या चार कसोट्यांस न उतरणारी जागा भाड्याचा विचार न करता वगळावी. उतरणाऱ्या जागांत मात्र एकंदर खर्चाने जी सर्वांत स्वस्त तीच घ्यावी. तीन, शुल्क सर्वांना एक, खोली गरजेप्रमाणे आणि सोय-निधी गुप्त. यात काटकसरीचाही मान राहतो आणि सोयीचाही. किंबहुना दोघांचे भांडण मुळात नव्हतेच, असे आमचे नम्र मत आहे.

संमेलनानंतर हिशेब सादर होईल, तेव्हा जमा आणि खर्च यांच्याखाली आणखी दोन ओळी असाव्यात, अशी आमची विनंती आहे. येऊ इच्छिणारे किती होते आणि आले किती. या दोन आकड्यांतले अंतर जितके कमी, तितके आपले संमेलन स्वस्तात पार पडले असे समजावे.